चेहरा, तोंड आणि गळा (लेखांक ५) : तोंड वाकडं होतं तेव्हा

सकाळी चूळ भरताना पाणी ओठांच्या एका कोपऱ्यातून गळतं. आरशात पाहावं तर एक डोळा मिटत नाही आणि हसलं की तोंड एकाच बाजूला ओढलं जातं. घरातली जाणती मंडळी म्हणतात, वारं लागलं. शेजारी घाबरून म्हणतो, लकवा मारला. खरं कारण बऱ्याचदा तिसरंच असतं : चेहऱ्याच्या नसेला आलेली सूज, म्हणजे बेल्स पाल्सी.

मागच्या लेखात आपण चावण्याचे स्नायू पाहिले. त्यांना हुकूम देणारी नस मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी पाचवी. चेहऱ्यावरचा स्पर्शही तीच कळवते. हसणं, भुवया उंचावणं, डोळा मिटणं, शीळ घालणं ही सगळी कामं सातवीची. म्हणून अशा रुग्णाला चावता येतं, चिमटा काढला तर कळतो. पण गालाचा स्नायू सातवीकडे असल्यामुळे घास गाल आणि दात यांच्यामध्ये अडकून बसतो. डोळा उघडण्याचं मुख्य काम तिसऱ्या नसेचं आणि मिटण्याचं सातवीचं. साहजिकच डोळा उघडाच राहतो.

या सातव्या नसेचा मार्गच अडचणीचा आहे. मेंदूच्या देठातून निघून ती ऐकण्याच्या नसेबरोबर कानाच्या हाडात शिरते आणि सुमारे तीन सेंटिमीटर लांबीच्या हाडी बोगद्यातून वळणं घेत कानामागे बाहेर पडते. बोगद्याची सर्वांत चिंचोळी जागा एक मिलिमीटरहूनही कमी रुंद असते. नस सुजली तर फुगायला जागाच नाही. ती हाडावर दाबली जाते आणि संदेश थांबतात. सूज कशामुळे येते? संशय बहुतेक वेळा नागिणीच्या कुळातल्या विषाणूवर घेतला जातो, खिडकीतल्या वाऱ्यावर नाही.

बोगद्यातून जाता जाता ही नस आणखी कामं उरकते. कानातल्या रिकिबीच्या हाडाला लागलेला, शरीरातला सर्वांत लहान सांगाडी स्नायू तिच्याच ताब्यात. तो ढिला पडला की भांड्यांचा साधा आवाजही कर्कश वाटतो. जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाची चवही तिच्यातूनच जाते. म्हणून चहा बेचव लागतो अशी तक्रार वाकड्या तोंडाबरोबर आली, तर तिला नखरे म्हणू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कपाळ. भुवया वर करायला सांगा. चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम मिळतो, खालच्या भागाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. मेंदूच्या एका अर्धात रक्तपुरवठा थांबून पक्षाघात झाला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर आठ्या बहुधा दोन्ही बाजूंना पडतात. नसच दाबली गेली असेल तर त्या बाजूचं कपाळ सपाट राहतं. म्हणजे ऐकायला उलटं वाटेल, पण आठ्या पडणं हे जास्त काळजीचं लक्षण.

स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या चार्ल्स बेल या शल्यविशारदाने १८२१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे चेहऱ्याच्या नसांवर निबंध मांडला आणि आजाराला त्याचं नाव चिकटलं. अल-राझी या इराणी वैद्याने कितीतरी शतकं आधी असे रुग्ण नोंदवले होते आणि आपल्याकडे आयुर्वेदात 'अर्दित' होतंच. नाव कोणाचं लागावं याला न्याय नसतो.

बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ते महिन्यांत बरे होतात. कधी मात्र पुन्हा वाढणारे तंतू वाट चुकतात : हसताना डोळा मिटतो, किंवा लाळेकडे जाणारे तंतू अश्रुग्रंथीकडे पोचल्यामुळे जेवताना डोळ्यांतून पाणी येतं. डॉक्टर त्याला मगरीचे अश्रू म्हणतात.

स्टेरॉइडच्या गोळ्यांचा फायदा पहिल्या ७२ तासांत सुरू केल्या तर सर्वाधिक होतो, म्हणून 'आपोआप बरं होतं' या भरवशावर थांबू नये. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब घालावेत आणि रात्री तो पट्टीने बंद ठेवावा, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. कपाळाची खूण घरच्या निदानासाठी नाही. मेंदूच्या देठातला पक्षाघात तिलाही चकवतो. तोंड अचानक वाकडं झालं, त्यातही हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा.

पुढच्या आठवड्यात : घास गिळताना श्वासनलिकेचं दार कोण लावतं?