धुण्याच्या दिवशी झालेली नगराध्यक्षा

मैत्रिणींनो, मी दुपारच्या शाळेत आठवड्यातून चार दिवस सहावीला नागरिकशास्त्र शिकवते. परवा नगरपरिषदेचा धडा चालू होता. नगराध्यक्ष, नगरसेवक, पाणीपट्टी, सगळं फळ्यावर लिहून झालं आणि मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, नगराध्यक्ष बाईमाणूस असेल तर तिच्या घरचं काम कोण करतं?" वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू! पण घरी येऊन कुकर लावताना तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. मग एका बाईची आठवण झाली. गोष्ट जुनी आहे, दूरदेशीची आहे. पण चुलीवरचं उतरवून ठेवा आणि दहा मिनिटं वाचा.

अमेरिकेत कॅन्सस नावाचं राज्य आहे. त्यात अर्गोनिया हे गाव. गाव कसलं, पाचशेच्या आतबाहेरची वस्ती! पण तिथल्या कायद्यानं त्याला शहराचा दर्जा, म्हणून मेयर हवाच. मेयर म्हणजे आपल्या लहान गावांच्या भाषेत नगराध्यक्षच की. १८८७ च्या एप्रिलमध्ये या गावानं सुझाना सॉल्टर या सत्तावीस वर्षांच्या, चार लेकरांच्या आईला नगराध्यक्ष म्हणून निवडून दिलं. अमेरिकेत या पदावर निवडून येऊन कारभार केलेली पहिली स्त्री म्हणून तिचंच नाव घेतात.

आणि गंमत पाहा, ती निवडणुकीला उभीच नव्हती!

सुझानाचा जन्म १८६० चा, ओहायो राज्यातला. बारा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर ती कॅन्ससला आली. पुढे तिथल्या शेतकी कॉलेजात शिकली. पण पदवीला जेमतेम सहा आठवडे उरले असताना आजारपणानं शिक्षण सुटलं. हातातोंडाशी आलेला घास जावा तसं. कॉलेजातच लुइस सॉल्टर यांची ओळख झाली, १८८० साली लग्न झालं आणि दोनच वर्षांत दोघं अर्गोनियात राहायला आली. गावाला शहराचा दर्जा मिळाला तेव्हा पहिले मेयर झाले ते सुझानाचेच वडील, आणि यजमान झाले शहराचे चिटणीस. म्हणजे कारभाराची बोलणी तिच्या घरात रोजच्या जेवणाला असणार. आपल्यापैकी कितीजणी अशा घरात वाढल्यात, आणि तरी "तुला काय कळतंय त्यातलं?" हे ऐकत आल्यात!

त्या वर्षी कॅन्ससच्या स्त्रियांना शहरांच्या निवडणुकीत मत देण्याचा हक्क नुकताच मिळाला होता. राज्यात दारूबंदीचा कायदा होता, पण कायदा असणं वेगळं आणि तो पाळला जाणं वेगळं, हे तुम्हाआम्हाला काय सांगायला हवं? गावात स्त्रियांच्या दारूबंदी संघाची शाखा होती, सुझाना तिच्यात काम करायची. या बायकांनी सभा भरवून, दारूबंदी नीट अमलात आणतील अशा पुरुषांची नावं ठरवली. हे काही मंडळींना भलतंच झोंबलं. वीसेक पुरुष गुपचूप जमले. तेव्हा सरकारी छापील मतपत्रिका नव्हत्या. ज्यानं त्यानं आपली नावांची चिठ्ठी छापायची. अर्जबिर्ज भरायचीही गरज नसे. त्यांनी बायकांच्याच यादीची हुबेहूब चिठ्ठी छापली, फक्त मेयरच्या जागी सुझानाचं नाव घातलं. हिशेब असा, की संघातल्या चारदोन बायकांचीच मतं पडतील, गावभर हसं होईल आणि बाया पुन्हा राजकारणाचं नाव काढणार नाहीत.

४ एप्रिलला सकाळी मतदार गेले तो हा प्रकार. दिवस सोमवारचा, तिकडे सोमवार म्हणजे घरोघरी धुण्याचा दिवस. एका पक्षाची माणसं लगबगीनं सॉल्टरांच्या घरी आली. सुझाना कपडे धूत होती. त्यांनी सगळी चेष्टा तिला समजावून सांगितली आणि विचारलं, निवडून आलीस तर पद घेशील का? ती म्हणाली, घेईन.

मला ही गोष्ट आवडते ती नेमकी इथे. "यांना विचारून सांगते" नाही, "मला कसं जमणार" नाही. हात ओले, पुढ्यात कपड्यांचा ढीग, आणि उत्तर एका शब्दाचं! यजमानांना तर मतदानाला गेल्यावर चिठ्ठीवर बायकोचं नाव दिसलं. आधी ते चांगलेच रागावले. (पुढे मात्र आपण मेयरबाईंचे यजमान असं कौतुकानं सांगायचे.) दारूबंदी संघाच्या बायकांनी आपला उमेदवार बाजूला ठेवून तिलाच मतं दिली, इतरांनीही दिली. जवळजवळ दोन तृतीयांश मतं मिळवून ती निवडून आली. चेष्टा करणाऱ्यांचे चेहरे कसे झाले असतील, ते मी लिहायला नको.

कौन्सिलच्या बैठकीत सगळे पुरुष, त्यांत त्या चेष्टेतलेही होते. सुझानानं शांतपणे सांगितलं, की तुम्ही लोकांनी निवडलेले आहात, मी फक्त अध्यक्षस्थानी आहे, काय करायचं ते बोला. उगीच तोरा नाही. पण सभेचे नियम तिला पाठ होते, कारण संघाच्या सभा चालवल्या होत्या. न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रानं बातमीदार धाडला, तो तिच्या कपड्यांचं आणि टोपीचं वर्णन लिहून गेला. आजही बाईच्या साडीचा रंग आधी आणि काम मागून, नाही का? जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वीडन, कुठून कुठून पत्रं आली. काही शाबासकीची, काही घाणेरड्या टवाळीची.

वर्षभराचा पगार किती? एक डॉलर!

त्याच वर्षात तिला पाचवं मूल झालं आणि थोड्याच दिवसांत ते गेलंही. हे दोन ओळींत लिहायला मला जड जातंय. चार मुलं पदरात, थोरलं जेमतेम सहाच्या आसपास, कूस रिकामी झालेली, आणि बैठक ठरलेल्या दिवशी असायचीच. तिच्या कारभारात डोळे दिपवणारं काही घडलं नाही. मोठी इमारत नाही, मोठी भानगड तर नाहीच. एका लहान गावाचं वर्षभराचं काम नीट झालं, एवढंच. पुन्हा उभं राहण्याचा आग्रह तिनं मानला नाही. पण पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्याच राज्यातल्या ऑस्कलूसा गावानं मेयरसकट सगळं कौन्सिलच स्त्रियांचं निवडून दिलं.

आता थोडं आपल्याकडे. सुझाना निवडून आली त्याच्या पाचेक आठवडे आधी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, अमेरिकेहून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात वारल्या. आणि पंडिता रमाबाई त्या वेळी अमेरिकेतच होत्या. सुझाना ज्या दारूबंदी संघाच्या गावच्या शाखेत होती, त्याच संघाशी रमाबाईंचा संबंध जडला. १८८९ साली त्यांनी त्या देशाच्या लोकस्थितीवर मराठीत पुस्तक लिहिलं, त्यात तिथल्या स्त्रियांच्या अशा चळवळींना भरभरून जागा दिली. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळी हे वारं मराठीत येऊन पोचलं होतं.

आपल्या नगरपालिकांत मात्र स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या त्या १९९३ पासून, आणि महाराष्ट्रात निम्म्या, २०११ साली. आमच्या ओळखीतल्या एका बाईंचं नाव वॉर्ड राखीव झाला म्हणून घरच्यांनी लावलं. भेटायला येणाऱ्यांना त्या चहा देतात आणि बोलतात ते यजमान. बाई हुशार आहेत, हिशेबाला पक्क्या. नुसतं नाव घालून बाईला हसण्यावारी नेण्याचा तो अर्गोनियाचा डाव आणि हा, यात फार फरक आहे असं मला वाटत नाही. फरक पडला तो नाव घातलेली बाई खुर्चीवर खरोखर बसली म्हणून.

पुढे सॉल्टर कुटुंब ओक्लाहोमात गेलं. १९१६ मध्ये यजमान वारले, सुझाना धाकट्या मुलांच्या शिक्षणासाठी नॉर्मनला जाऊन राहिली. पुन्हा कुठलंही पद तिनं मागितलं नाही. गावानं १९३३ मध्ये चौकात तिच्या नावाचा फलक बसवला. १७ मार्च १९६१ ला, एकशे एकावा वाढदिवस होऊन पंधरा दिवस झाले असताना ती गेली. तिला अर्गोनियातच, यजमानांशेजारी पुरलं. तिचं घर जपून ठेवलंय, आता ते संग्रहालय आहे.

पुढच्या तासाला मी हे सगळं वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरची ती मुलगी अगदी मन लावून ऐकत होती. घंटा झाल्यावर जवळ येऊन म्हणाली, "बाई, पण मग ते धुणं कोणी पिळलं?"