थंडीत गाडी का रुसते?

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी झाला की जुन्या डिझेल गाड्यांचं ठरलेलं नाटक सुरू होतं. सेल्फ जोरात फिरतो, मागून पांढरा धूर येतो, पण इंजिन काही पकडत नाही. मग चार जणांचा धक्का, मग नवी बॅटरी, मग नवे हीटर प्लग, आणि दुसऱ्या दिवशी नाटकाचा पुढचा अंक! ज्याचं पोट त्या गाडीवर आहे त्याचा दिवस बुडतो आणि खिसाही रिकामा होतो. खरं म्हणजे दोष शोधायला शाळेतला ओमचा नियम आणि एक साधा मल्टीमीटर पुरतो.

१९९८ साली आलेल्या टाटा इंडिकासारख्या जुन्या डिझेल इंजिनात इंधन आधी हेडमधल्या एका छोट्या कप्प्यात पेटतं. हवा २० पटीहून जास्त दाबली की ती तापते, पण गार धातू ती उष्णता खाऊन टाकतो. म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग असतो. चावी फिरवली की काही सेकंदांत त्याचं टोक लालबुंद होतं.

आता तपासणी, आणि तीही क्रमाने.

पहिलं म्हणजे लक्षणं बघा. सेल्फ मंद फिरत असेल तर आधी बॅटरी आणि तिच्या वायरी तपासा. सेल्फ जोरात आणि धूर पांढरा, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही, इथे हीटरचा संशय घ्यावा. धूरच नसेल तर डिझेल पोचत नसावं. अशा वेळी पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला करंट मिळतो का ते बघावं.

दुसरं, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो नुसत्या टायमरवर चालतो. प्लग तापले की नाही, हे त्या बिचाऱ्याला माहीतच नसतं. तसंच रिले 'टिक' वाजला म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट चांगले आहेत असं नाही.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: मोजमाप लोडवर करा. समजा, प्रत्येक प्लग १.२ ओमचा आहे. चार प्लग पॅरलल जोडले की झाले ०.३ ओम. १२ व्होल्टवर ४० अँपिअर, म्हणजे ४८० वॉट. आता रिलेत किंवा गंजलेल्या टर्मिनलवर फक्त ०.१ ओम वाढला. एकूण ०.४ ओम, करंट ३० अँपिअर, प्लगवर उरले ९ व्होल्ट आणि २७० वॉट. जवळजवळ निम्मी उष्णता गायब! पण प्लगची वायर काढून मोजाल तर मीटर छान १२ व्होल्ट दाखवेल, कारण करंट वाहतच नाही. म्हणून वायर जोडलेली ठेवून, हीटर चालू असताना, मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी प्लगच्या पट्टीवर ठेवा. अर्ध्या-एक व्होल्टच्या आत आकडा आला तर ठीक. जास्त आला तर फ्यूज, रिले आणि टर्मिनल असं एकेक टप्पा मोजत जा. पूर्ण १२ आला तर सर्किट कुठेतरी तुटलंय. हीच परीक्षा बॅटरीचा मायनस आणि इंजिन ब्लॉक यांच्यात घ्या, कारण प्लगची अर्थिंग ब्लॉकमधूनच होते.

शेवटी प्लग. चावी बंद करून वरची पट्टी आधी काढा, नाहीतर एक चांगला प्लग बाकीच्यांचा दोष झाकतो (ग्रुप सबमिशनसारखं!). मग एकेकाचा रेझिस्टन्स ब्लॉकशी मोजा. साधारण एका ओमच्या आसपास म्हणजे चांगला, अनंत म्हणजे जळालेला.

दोन सूचना. हातातली अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून काम करा. आणि हीटर प्लगच्या इंजिनात ईथरचा स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या टोकावर तो अवेळी भडकून इंजिन फोडू शकतो.

आपण लॅबमध्ये रीडिंग घेतो ते बऱ्याचदा जर्नल भरायला. पण पहाटे पेशंटला घेऊन निघालेली एखादी जुनी जीप जागची हलत नसेल, तर तेच रीडिंग कोणाच्या तरी जिवाच्या कामी येतं. म्हणून आधी मोजा, मगच बदला!