'नेक्स्ट' दाबण्यापूर्वी

कॉम्प्युटरवर नवा प्रोग्राम टाकताना पडद्यावर सूचना येतात आणि आपण न वाचताच 'नेक्स्ट' दाबत सुटतो. दोष आपलाच, असे आम्हीही समजत होतो. पण ओरॅकल कंपनीच्या जावाचे प्रकरण पाहा.

जावाची नवी आवृत्ती टाकताना सांगितले जाई, की आता तुमचा कॉम्प्युटर सुरक्षित राहील. प्रत्यक्षात फक्त लगतची जुनी आवृत्ती निघे. त्याआधीच्या तशाच पडून राहत आणि त्यांतून शिरून बँकखात्याचे पासवर्ड चोरता येत. दाराला नवे कुलूप, मागची खिडकी उघडीच! पडद्यावरचा शब्दन्शब्द वाचणाऱ्यालाही हे कळत नसे. कंपनीच्या २०११ च्या अंतर्गत कागदांत मात्र या व्यवस्थेतील उणिवेची नोंद होती. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. डिसेंबर २०१५ मध्ये तडजोड जाहीर झाली: जुन्या आवृत्त्या शिल्लक असतील तर नवी टाकतानाच तसे सांगावे, धोका सांगावा आणि त्या काढण्याची सोय द्यावी.

व्यापारी बंधूंनी हिशेबाचा प्रोग्राम घेतानाही विक्रेत्याला एवढे विचारावेच: नवा टाकल्यावर जुन्याचे काय होते, आणि ते पडद्यावर कुठे लिहिले आहे?