गाण्यातला ‘तू’ शेजारीच उभा असतो तेव्हा

मराठी गाणं कानावर पडलं की एक गोष्ट बहुतेक वेळा चटकन कळते. ‘मी गेले’ म्हटलं की बोलणारी बाई आहे, ‘तू आलास’ म्हटलं की समोर पुरुष आहे. आपलं क्रियापदच चुगली करतं. इंग्रजीत तसं नाही. तिथला ‘मी’ आणि ‘तू’ दोघंही पडद्याआड राहतात. त्यामुळे इंग्रजी रॉक गाणी ऐकताना मला नेहमी प्रश्न पडतो, हे कोण कोणाला म्हणतंय?

आपल्याला असा प्रश्न विचारायची फारशी सवय नाही. ‘गीतरामायणा’चे शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या आणि आकाशवाणीवर ते गायले अनेकांनी. गाणाऱ्याच्या गळ्यातलं दुःख त्याच्याच घरातलं असेल, असं आपण धरून चालत नाही. रॉक बँडमध्ये मात्र लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा पुष्कळदा एकच असतो. मग गाणं म्हणजे त्याची रोजनिशीच, असं ऐकणाऱ्याला वाटू लागतं. ते कितपत खरं असतं? यासाठी ‘फ्लीटवुड मॅक’ या बँडसारखं दुसरं उदाहरण नाही.

हा बँड १९६७ साली लंडनमध्ये सुरू झाला. १९७६ मध्ये त्यात पाच जण होते : ड्रम वाजवणारा मिक फ्लीटवुड, बेस गिटारवर जॉन मॅक्व्ही, कीबोर्डवर त्याची पत्नी क्रिस्टीन, गिटारवादक लिंडसी बकिंगहॅम आणि त्याची जोडीदार गायिका स्टीव्ही निक्स. नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायला ही मंडळी कॅलिफोर्नियातल्या सॉसलिटो गावी जमली, तेव्हा दोन्ही जोड्या मोडल्या होत्या. फ्लीटवुडचाही संसार डळमळीत झाला होता. पण काम थांबलं नाही. ज्याच्याशी बोलणं नकोसं झालंय, त्याच्याच शेजारी उभं राहून रोज सूर जुळवायचे! १९७७ च्या फेब्रुवारीत अल्बम आला. जॉनने त्याला नाव सुचवलं ‘रूमर्स’, म्हणजे अफवा. सगळेच एकमेकांबद्दल गाणी लिहीत होते, म्हणून हे नाव.

त्यातली दोन गाणी शेजारी ठेवून ऐकण्यासारखी आहेत. ‘गो युअर ओन वे’ बकिंगहॅमचं. त्यात राग आहे, ठणठणीत ताल आहे आणि निक्सच्या वागण्यावर बोट ठेवणारी एक ओळ आहे. ती ओळ खोटी आहे, काढून टाक, असं निक्सचं म्हणणं होतं. त्याने ती ठेवली. त्या गाण्याला साथीचा आवाज मात्र निक्सचाही आहे. स्वतःवरच्या आरोपाला तीच सूर देते आहे. दुसरं गाणं ‘ड्रीम्स’. तोच दुरावा, पण निक्सच्या बाजूने. सूर शांत, थोडा समजुतीचा, थोडा इशाऱ्याचा. आणि त्यावर गिटार वाजवतोय बकिंगहॅम. यातलं एकच गाणं आपल्यापर्यंत पोचलं असतं, तर आपण एकाच बाजूवर विश्वास ठेवून बसलो असतो.

तसं थोडंसं घडलंही. याच विषयावरचं निक्सचं ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ हे गाणं लांब झालं म्हणून अल्बममधून वगळलं गेलं. ते गेलं कुठे? तर ‘गो युअर ओन वे’च्याच तबकडीच्या मागच्या बाजूला! पुढे १९९७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला, तेव्हा बकिंगहॅमकडे पाहत निक्सने ते गायलं. मग कुठे त्या गाण्याला त्याचे श्रोते मिळाले.

पण बँडमधली नाती ठाऊक झाली म्हणजे सगळा अर्थ हाती आला, असंही नाही. क्रिस्टीनचं ‘यू मेक लव्हिंग फन’ बँडची प्रकाशयोजना पाहणाऱ्या माणसावर लिहिलेलं होतं. नवऱ्याला तिने सांगितलं, हे माझ्या कुत्र्यावरचं आहे. जॉनने त्यावर बेस वाजवला. म्हणजे कवी स्वतः सांगतो तो अर्थही प्रत्येक वेळी खरा धरता येत नाही. ‘डोन्ट स्टॉप’ तर आणखी गमतीचं. जॉनपासून दूर होताना, झालं ते विसरून पुढे बघू या, अशा भावनेने क्रिस्टीनने ते लिहिलं. ते तिच्याबरोबर गातो कोण, तर बकिंगहॅम. आणि १९९२ मध्ये तेच गाणं बिल क्लिंटन यांच्या निवडणूक प्रचारात वाजलं. त्या सभांत नाचणाऱ्या किती जणांना एका मोडलेल्या लग्नाची आठवण झाली असेल?

म्हणून मी माझ्यापुरती एक पद्धत ठरवली आहे. आधी गाणं काहीही माहिती न घेता ऐकायचं. मग तीन प्रश्न विचारायचे : लिहिलं कोणी, उद्देशून कोणाला, आणि त्या वेळी साथीला कोण होतं? तिसरा प्रश्न आपण बहुधा विसरतो. शब्दांत भांडण असतं, वाजवण्यात मात्र एकमेकांना सांभाळून घेणं असतं. गाणं ही एका बाजूची साक्ष आहे, निकाल नव्हे, एवढं ध्यानात ठेवलं की ज्याच्यावर ते लिहिलंय त्याच्यावर अन्याय होत नाही.

या अल्बममध्ये पाचही जणांच्या नावावर असलेलं गाणं एकच आहे, ‘द चेन’. वेगवेगळे तुकडे जोडून ते तयार झालं. त्याच्या शेवटाकडे सगळे थांबतात आणि एकटा बेस वाजू लागतो. तो जॉन मॅक्व्हीचा. साऱ्या अल्बममध्ये त्याने स्वतःच्या नावावर एकही गाणं लिहिलेलं नाही. त्याची बाजू ऐकायची असेल, तर ती तिथे ऐकावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)