भुईमुगाचे पोषण : शेणखत आणि रासायनिक खत यांची सांगड

तेलबियांमध्ये भुईमुगाची रीत निराळी आहे. फुलोऱ्यानंतर सुटलेल्या आऱ्या जमिनीत शिरतात आणि शेंगा मातीतच पोसल्या जातात. दाणा भरण्यासाठी लागणारे कॅल्शियम मुळांमार्फत पुरेसे मिळत नाही. वाढती शेंग ते भोवतालच्या मातीतून स्वतःच शोषून घेते. वरच्या थरात ते कमी असेल, तर वेल हिरवागार दिसूनही काढणीच्या वेळी पोचट शेंगा हाती येतात. पीककर्जाचा हप्ता मात्र हिरव्या वेलावर फिटत नाही.

दुसरी गरज गंधकाची. तेलाचे प्रमाण वाढण्यास गंधक आवश्यक असते, आणि नेमके तेच आपल्या खतांच्या यादीतून निसटले आहे. हेक्टरी ५० किलो स्फुरद द्यावयाचे असल्यास डीएपीच्या दोन गोण्यांहून थोडे अधिक पुरते; सिंगल सुपर फॉस्फेटच्या मात्र सहा गोण्या लागतात. वाहतूक आणि मजुरी पाहता शेतकरी डीएपीकडे वळला, यात त्याचा दोष नाही. परंतु साध्या डीएपीत गंधक नसते. त्या सहा गोण्यांतून सुमारे ३३ किलो गंधक आणि शिवाय कॅल्शियमही जमिनीत जाते, हा हिशेब गोणीच्या किमतीत दिसत नाही.

मग शेणखत कशासाठी? पाच टन शेणखतात साधारण २५ किलो नत्र असते, पण पहिल्या हंगामात त्याचा थोडाच भाग पिकास मिळतो. तेव्हा केवळ शेणखतावर भरघोस उत्पादनाची आशा धरणे प्रस्तुत लेखकास व्यवहार्य वाटत नाही. त्याचे खरे काम वेगळे आहे. आंध्र प्रदेशातील अनंतपूरच्या तांबड्या, हलक्या जमिनीत ते ओल धरून ठेवते; पावसाने ओढ दिली असता पीक तगते ते त्या ओलीवर. सौराष्ट्रातील चुनखडीयुक्त जमिनीत लोहाअभावी पाने पिवळी पडतात, तेथे सेंद्रिय पदार्थांमुळे लोह पिकास उपलब्ध होण्यास साहाय्य होते. जमीन भुसभुशीत राहिल्याने आऱ्या सहज शिरतात, हा आणखी एक लाभ.

शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणी शेतात येते, आणि भुईमुगास तिच्याइतका घातक शत्रू क्वचितच असेल.

येथे बँकेचाही संबंध येतो. रासायनिक खताची पावती मिळते, घरच्या उकिरड्याची मिळत नाही. त्यामुळे पिकाच्या खर्चाचा अंदाज बांधताना शेणखत बहुधा विसरले जाते. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डाची सुविधा पुढे पशुपालनाच्या खेळत्या भांडवलासही लागू झाली आहे. गोठा आणि शेत यांचा विचार एकत्र व्हावा, यासाठी ही सोय उपयोगी पडते. कर्जदाराजवळ २०१५ पासून दिली जाणारी मृदा आरोग्य पत्रिका असेल, तर शाखेतील सहकाऱ्यांनी ती आवर्जून पाहावी. गंधकाची नोंद तीत असते.

शेणखत पेरणीपूर्वी शेवटच्या कुळवणीच्या वेळी मिसळावे, सुपर फॉस्फेट पेरणीबरोबर द्यावे आणि बियाण्यास रायझोबियम चोळावे. कॅल्शियम कमी असलेल्या जमिनीत फुलोऱ्याच्या सुमारास झाडाच्या बुडाशी जिप्सम टाकून मातीची भर द्यावी. आऱ्या जमिनीत शिरू लागल्यावर मात्र कोळपे शेतात नेऊ नये, त्या तुटतात.