महेश्वरच्या किल्ल्यातले माग

चौंडीच्या अहिल्याबाई होळकरांनी माळव्याचा कारभार हाती घेतला आणि 1767 मध्ये राजधानी नर्मदाकाठी महेश्वरला आणली. घाट, मंदिरं, किल्ला यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं. त्यांनी बाहेरगावचे विणकर बोलावून इथे वसवले, हे मात्र एका ओळीत उरकलं जातं. माझ्या मते त्यांच्या कामातलं सर्वांत टिकाऊ काम हेच.

माहेश्वरी साडी मुळात सुती, अंगाने साधी. चंद्रकला बिनरेघेची, तर चंद्रतारा, बेली, परबी या पट्ट्यांच्या आणि चौकड्यांच्या. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत नि दोन पांढरे. पुढे ताण्याला रेशीम आलं, बाणा सुताचाच राहिला. त्यामुळे साडीला झळाळी आली, पण अंगावर ती जड झाली नाही. खरी करामत काठात आहे. चटई, ईट, लाटा हे नमुने किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून आणि नदीच्या पाण्यावरून घेतलेले. बुगडीचा काठ तर दोन्ही बाजूंनी सारखाच सुबक, त्यामुळे साडी उलटी नेसली तरी चालते.

संस्थानं गेली, आश्रय संपला, गिरणीचं स्वस्त कापड आलं. माग एकेक करून बंद पडू लागले. अशा वेळी, 1970 च्या दशकाच्या अखेरीस, रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेवा सोसायटी उभी केली. रिचर्ड हे इंदूरच्या शेवटच्या महाराजांचे पुत्र, तर सॅली अमेरिकेतून आलेल्या. नफा खिशात न घालणारी ही संस्था. मिळकत विणकरांची घरं, मुलांची शाळा, दवापाणी याकडे वळवायची, असा तिचा हिशेब.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तिचा दुसरा निर्णय: बायकांना मागावर बसवण्याचा. विणकराच्या घरात कांड्या भरणं, सूत उकलणं ही कामं बाईच करते. तिच्याशिवाय धोटा हलत नाही, पण मजुरी विणणाऱ्याच्या नावावर पडते. रेवाने तिला विणायला शिकवलं आणि मोबदला थेट तिच्या हाती दिला. पुढे सॅली होळकर यांनी विमेनवीव्ह ही वेगळी संस्था काढली, आणि तरुण विणकरांना रचना, दर्जा आणि धंदा शिकवणारी हातमाग शाळाही महेश्वरमध्येच सुरू झाली.

समाजोपयोगी माल म्हटलं की अनेकांच्या मनात दयेची खरेदी येते: वस्तू जराशी ओबडधोबड, पण विकणाऱ्याची कहाणी करुण. ही कल्पना कारागिराचा अपमान करणारी आहे. रेवाचं कापड टिकलं ते रंगांच्या मेळामुळे आणि जुन्या काठाला नव्या दुपट्ट्यावर, पडद्यावर बसवण्याच्या नजरेमुळे. कापड चांगलं नसतं, तर शाळेची फी कुठून आली असती?

तरीही यंत्रमागाची नक्कल बाजारात बिनदिक्कत माहेश्वरी म्हणून विकली जाते, आणि हातमागाच्या साडीला तिच्याशी किमतीत झुंजावं लागतं. काही वाणांचं उत्पादन हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा 1985 पासून आहे, पण दुकानात तो कोणी आठवत नाही. म्हणून माहेश्वरी घ्याल तेव्हा 2006 पासून दिली जाणारी हँडलूम मार्कची खूण मागा, साडी कोणत्या संस्थेची किंवा कोणत्या विणकराची ते विचारा, आणि पुढे घासाघीस करू नका.