शत्रूच्या मुलांसोबत तीन आठवडे

तळ्याकाठचं शिबिर

अमेरिकेतल्या मेन राज्यात ऑटिसफील्ड नावाचं छोटं गाव आहे. तिथे तळ्याकाठी ‘सीड्स ऑफ पीस’ ही संस्था उन्हाळी शिबिरं भरवत आली. पत्रकार जॉन वॉलक यांनी ती १९९३मध्ये, त्याच वर्षी वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या बॉम्बहल्ल्यानंतर सुरू केली. पहिल्या उन्हाळ्यात इस्रायली, पॅलेस्टिनी, इजिप्शियन आणि अमेरिकन मिळून ४६ मुलं आली. २००१मध्ये भारत आणि पाकिस्तानची मुलंही आली.

भांडण्याची मुभा

एकाच खोलीत झोपायचं, एकाच टेबलावर जेवायचं, एकाच संघातून खेळायचं. हे सगळं महत्त्वाचं आहे, पण शिबिराचा कणा म्हणजे रोजचा दीड-दोन तासांचा संवाद. प्रशिक्षित सूत्रसंचालकांसमोर मुलं आपल्या घरातल्या मृत्यूंबद्दल, चौक्यांबद्दल, बॉम्बस्फोटांबद्दल बोलतात. आवाज चढतात, कुणी रडतं. सूत्रसंचालक निवाडा देत नाही. समोरच्याचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायला लावतो. माझ्या मते खरं शिक्षण हेच. मतं जुळली नाहीत तरी चालतं, पण समोरचा असं का म्हणतो ते कळायला हवं.

परिणाम

शिकागो विद्यापीठाच्या जेन रायझन आणि ज्युलियाना श्रोडर यांनी या शिबिरातल्या इस्रायली आणि पॅलेस्टिनी मुलांचा अभ्यास केला. पलीकडच्या एखाद्याशी तरी जवळची मैत्री झालेल्या मुलांचा दृष्टिकोन जास्त बदलला आणि घरी परतल्यावरही तो बदल काही प्रमाणात टिकला. खोली किंवा टेबल एक असेल, तर अशी मैत्री होण्याची शक्यता वाढत होती. म्हणजे कोणाला कुठे बसवायचं, हाही आयोजकांनी गांभीर्याने ठरवायचा प्रश्न आहे.

घरी परतल्यावर

दृष्टिकोन काहीसा टिकला, तरी घरच्या वास्तवापुढे शिबिराचं बळ तोकडं पडतं. असील असलेह हा इस्रायलमधला सतरा वर्षांचा अरब मुलगा या शिबिरात घडलेला. ऑक्टोबर २०००मध्ये इस्रायली पोलिसांच्या गोळीने तो मारला गेला, तेव्हा त्याच्या अंगात शिबिराचाच टी-शर्ट होता. मैत्रीने सत्ता बदलत नाही, हे आयोजकांनी मुलांना आधीच स्पष्ट सांगायला हवं.

मुंबई आणि लाहोर

भारतातून या शिबिराला मुख्यतः मुंबईची मुलं गेली, पाकिस्तानातून लाहोरची. पुढे या शिबिरार्थींपैकी काहींनी दोन्ही देशांच्या शालेय पुस्तकांमधला इतिहास समोरासमोर छापणारं पुस्तक तयार केलं. आपल्याकडच्या इतिहासाच्या शिक्षकांनी फाळणीचा धडा शिकवताना ही पद्धत एकदा वर्गात वापरून पाहावी. त्यासाठी मेनला जावं लागत नाही.